लंपी नाही, हाताला लागतो तो बफेलोपॉक्स

2022 ला जनावरांच्या अंगावर गाठी आणणारी लंपी आली तेव्हा मराठवाड्यात लाल कंधारी, देवणी गाई पाळणारे सगळेच धास्तावले, दूध प्यावं का नको इथपर्यंत गोष्ट गेली, पण लंपी माणसाला होतच नाही. होतो तो दुसराच व्हायरस, म्हशीच्या सडाला अन् कासेला फोड्या आणणारा बफेलोपॉक्स, त्याचं मात्र कुणी नावच काढत नाही.

धार काढताना सडावरची फोडी फुटते, त्यातलं पाणी बोटाला लागतं, अन् बोटाला एखादी चीर असली (शेतात राबणाऱ्याच्या हाताला ती असतेच) की व्हायरस तिथून आत. मग काही दिवसांनी बोटावर, मनगटावर मधे खड्डा असलेले फोड, ठणका, ताप, काखेत अवधाण (सुजलेली गाठ). बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यात आपोआप बरं होतं, खपली पडते, वण राहतो. अँटिबायोटिकचा व्हायरसवर काही उपयोग नाही, वरून दुसरं इन्फेक्शन होऊन पू झाला तरच ते लागतं, पण सुई टोचल्याशिवाय आपल्याला बरं वाटत नाही ना!

खरी गंमत पुढं आहे. आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल वण दिसतो बघा, त्या लसीतला व्हायरस अन् हा अगदी जवळचे भाऊबंद. ती लस जनावरांच्या कातडीवर वाढवायचे, आपल्या देशात तर म्हशीच्या पारड्यांवरसुद्धा, त्यामुळं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं की लसीतलाच व्हायरस कधीतरी म्हशीत गेला अन् तिथंच राहिला. 1980 ला जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं, लस बंद झाली, हा मात्र गोठ्यात टिकून. अन् त्या लसीनं थोडंफार संरक्षण याच्यापासूनही मिळायचं, ते आता चाळिशीच्या आतल्या कुणालाच नाही. 2009 ला सोलापूर-कोल्हापूरकडं माणसांत अन् म्हशींत याची साथ आली होती, सोलापूर म्हणजे धाराशिवला लागूनच की.

म्हशीला फोड्या दिसल्या तर तिची धार सगळ्यात शेवटी काढा, हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका. हाताला जखम असली तर दुसऱ्याला बसवा. दूध उकळूनच प्यायचं. जनावराच्या डॉक्टरला बोलवा, अन् स्वतः दवाखान्यात गेलात तर 'घरच्या म्हशीच्या सडाला फोड्या आल्यात' हे आधी सांगा, नुसता हात दाखवला तर डॉक्टरही साधं गळूच समजतील.