धुळीच्या कणामागचा हिशेब

‘या अफाट विश्वात माणूस म्हणजे धुळीचा कण’ हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय, की म्हणताना कुणाचीच जीभ अडखळत नाही. पण त्यामागे वैराग्य कमी आणि मोजमाप जास्त आहे. अंतरं हाती येईपर्यंत ते नुसतं बोलणंच होतं.

सूर्य मध्ये आणि पृथ्वी भोवती, असं सामोसच्या अरिस्टार्कसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सुचवलं होतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे समजावताना आर्यभटाने इ. स. ४९९मध्ये नावेचा दाखला दिला: नाव पुढे जाते तेव्हा काठ मागे सरकताना दिसतो, तसे तारे. ब्रह्मगुप्तासारख्या गणितीलाही ते पटलं नाही. सूर्यच मध्ये असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ आला १५४३मध्ये, आणि त्याच वर्षी तो गेला.

त्याला झालेला विरोध केवळ धर्मवेडातून होता असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि आलटूनपालटून एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. पृथ्वी खरंच सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचा ताराही असाच सरकायला हवा. दुर्बिणीच्या आधीच्या काळातला सर्वांत काटेकोर निरीक्षक टायको ब्राहे याला ते सरकणं दिसलं नाही. मग एक तर पृथ्वी स्थिर, नाहीतर तारे कल्पनेपलीकडे लांब. त्याने पहिला पर्याय निवडला. निष्कर्ष चुकला, पण प्रश्न चोख होता.

उत्तर मिळालं १८३८मध्ये. फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं सरकणं मोजलं. ते एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी भरलं. आजच्या हिशेबाने तो तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. कोपर्निकसपासून इथवर २९५ वर्षं!

पण ही युक्ती फार लांब पुरत नाही. पुढची मोजपट्टी दिली हेन्रिएटा लेव्हिटने. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या छायाचित्रांवरचे ठिपके तपासायचं किचकट काम तिच्याकडे होतं. १९१२मध्ये तिने २५ चलताऱ्यांचा, म्हणजे तेज ठरावीक तालात कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांचा, तक्ता मांडला: तारा जितक्या सावकाश मंद होऊन पुन्हा उजळतो, तितका तो मुळात जास्त प्रखर. म्हणजे त्याचा ताल मोजला की खरं तेज कळतं, आणि तो किती फिका दिसतो यावरून अंतर.

ऑक्टोबर १९२३मध्ये एडविन हबलने देवयानी ‘तेजोमेघा’ची एक काच घेतली. तिच्यावर नोव्हा (अचानक उजळणारा तारा) समजून लिहिलेलं ‘एन’ हे अक्षर नंतर खोडलेलं आहे आणि शेजारी उद्गारचिन्हासह ‘व्हीएआर!’, म्हणजे चलतारा. लेव्हिटचा नियम लावला आणि अंतर आलं जवळपास नऊ लाख प्रकाशवर्षं. आज ते २५ लाख मानतात, पण निकाल तेव्हाच लागला होता. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका. मला विचाराल तर पायाखालची जमीन खरी सरकली ती या खाडाखोडीत. लेव्हिट मात्र हे पाहायला नव्हती. १९२१मध्येच ती वारली होती.

१९५७मध्ये बरबिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल या शास्त्रज्ञांनी जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी तयार होतात ते तपशिलाने मांडलं. रक्तातल्या लोहाचं मूळ गावही मग तिकडेच निघालं.

राहता राहिला तो ठिपक्याएवढ्या पृथ्वीचा प्रसिद्ध फोटो. व्हॉयेजर-१ या अवकाशयानाने मागे वळून पृथ्वी टिपावी, हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचा हट्ट. कॅमेरा सूर्याकडे रोखला तर तो खराब होईल, म्हणून बरीच वर्षं चालढकल झाली. अखेर १४ फेब्रुवारी १९९० रोजी, सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून, पृथ्वी एका पिक्सेलहूनही लहान उमटली. ती ज्या प्रकाशकिरणात तरंगताना दिसते, तो किरण मात्र अवकाशात नव्हताच. कॅमेऱ्याच्या आत विखुरलेल्या उन्हाची ती तिरीप होती.