अर्धवट नकलेतून वाढलेला मेंदू

सुट्टी लागली की 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या जाहिराती दिसू लागतात. मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणार (नाकाशेजारच्या फटीतून, अर्थात!) आणि त्याची सर्जनशीलता जागी होणार. अहो, मिडब्रेन (मेंदूचा मधला भाग) बेडकालाही असतो. माशी दिसली की जीभ फेकायची, हे त्याचंच काम. माणसात अफाट वाढला तो निओकॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा वरचा घड्याघड्यांचा थर.

तो कसा वाढला याचा एक धागा मला फार आवडतो. साधारण ५० लाख वर्षांपूर्वी, चिंपांझीपासून आपली वाट वेगळी झाल्यावर, आपल्या पूर्वजांच्या डीएनएत एका जनुकाची अर्धवट नक्कल झाली. तिचं नाव एआरएचजीएपी११बी. पुढे कधीतरी या नकलेत एका जागी डीएनएच्या 'सी' या अक्षराचं 'जी' झालं. एवढ्यानेच आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून निघणारी प्रत) तयार होताना ५५ अक्षरं गळू लागली आणि प्रथिनाचं शेपूट पार बदललं. हे नवं प्रथिन मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरात) जाऊन तिथली ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची चयापचय क्रिया वाढवतं. परिणाम असा, की गर्भाच्या मेंदूतल्या काही मूळपेशी लगेच चेतापेशी न बनता आधी स्वतःचीच संख्या वाढवतात. मग चेतापेशीही जास्त तयार होतात. २०१५ मध्ये ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत विलांड हुटनर यांच्या गटाने हे जनुक उंदराच्या गर्भात घातलं, तर एरवी गुळगुळीत असणाऱ्या मेंदूला काही ठिकाणी घड्या पडल्या. २०२० मध्ये मार्मोसेट माकडाच्या गर्भातही निओकॉर्टेक्स मोठा झाला. ती पिल्लं जन्माला येऊ दिली नाहीत, हे बरंच झालं.

पण चेतापेशी वाढल्या म्हणून कल्पना सुचतातच असं नाही. दगडी हातकुऱ्हाड सुमारे १७ लाख वर्षांपूर्वी आली आणि पुढची दहा लाख वर्षं तिचा घाट फारसा बदललाच नाही. हे जनुक निअँडरथलांकडेही (आपल्या नामशेष झालेल्या चुलतभावंडांकडेही) होतं. मोरोक्कोतल्या जेबेल इर्‍हूदच्या ३ लाख वर्षं जुन्या कवट्यांतला मेंदू जवळपास आपल्याएवढाच, पण लांबट. आजची गोलाई त्याला १ लाख ते ३५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात हळूहळू आली. पार्श्वखंड (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा भाग) आणि अनुमस्तिष्क (मागे खाली असलेला छोटा मेंदू) फुगले. जर्मनीतल्या होहलेनश्टाइन-श्टाडेल गुहेतला, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला सिंहमुखी माणूस सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचा. असा प्राणी कोणी पाहिलेला नव्हता. मात्र गोलाई पूर्ण झाली आणि कला अवतरली, असंही म्हणता येत नाही: दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यांवर कोरलेल्या जाळीदार रेघा ७० हजार वर्षांहून जुन्या आहेत.