मंगळाच्या नावानं कोंडून घेणारी माणसं

ऑक्टोबर २०२५ मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात चार जणांनी स्वतःला एका घरात बंद करून घेतलं. थ्रीडी प्रिंटरनं थरावर थर चढवून उभं केलेलं हे घर १,७०० चौरस फुटांचं आहे, म्हणजे जुळे सोलापुरातले दोन-अडीच फ्लॅट एकत्र केल्यावर होईल तेवढं. बाहेर यायची तारीख ठरली ३१ ऑक्टोबर २०२६. मंगळावर राहण्याची पृथ्वीवरच तालीम करायच्या नासाच्या 'चापिया' मालिकेतली ही दुसरी तुकडी. पहिली २५ जून २०२३ ला आत गेली आणि ३७८ दिवसांनी, ६ जुलै २०२४ ला बाहेर आली.

अशी बातमी आली की आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: अर्ज करता येतो का? या प्रयोगाला नाही येत. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो, वय ३० ते ५५, धूम्रपान नको, विज्ञान-अभियांत्रिकीतलं शिक्षण हवं. तरी प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. गेल्या साठेक वर्षांत अशा प्रयोगांतून काय हाती लागलं, हे पुष्कळदा आत बसलेल्यांच्या चिकाटीनंच ठरवलं आहे.

स्वतःहून नाव देणारा म्हटलं की सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणार. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. पण कोटणिसांनी नाव दिलं ते काम करायला. इथं नाव द्यायचं ते स्वतःला मोजू द्यायला: वजन, रक्त, लघवी, झोप, आणि त्याच त्या प्रश्नावल्या. यात पराक्रम दिसत नाही, म्हणून या मंडळींची नावंही कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

वर्षभर असं कोंडून घेण्याची सुरुवात सोव्हिएत संघात झाली. ५ नोव्हेंबर १९६७ ला मॉस्कोत मानोवत्सेव, बोझ्को आणि उलिबिशेव हे तिघे एका बंद कक्षात गेले ते थेट वर्षानं बाहेर पडले. राहायची जागा जेमतेम, पुढे तिला एक छोटं हरितगृह जोडलेलं. तेव्हा परीक्षा यंत्रांची होती. तेच पाणी शुद्ध करून पुन्हा पिता येतं का, हवा वर्षभर पुरवता येते का, एवढंच तपासायचं होतं. तीन माणसं एवढ्याशा जागेत वर्षभर एकमेकांना कशी सहन करतात, हा प्रश्न तेव्हा दुय्यम होता.

यंत्रांवरचा हा भरवसा अमेरिकेत अॅरिझोनाच्या 'बायोस्फिअर २' मध्ये चांगलाच डळमळला. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ जण तीन एकरांहून मोठ्या काचेच्या बंद जगात दोन वर्षांसाठी शिरले. हळूहळू त्यांना धाप लागायला लागली. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.२ वर आला होता. खत घातलेल्या मातीतले जीवाणू तो खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड उघड्या काँक्रीटमध्ये मुरत होता, त्यामुळे चोर लवकर सापडलाच नाही. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. त्याआधी, पहिल्याच काही दिवसांत, भात झोडण्याच्या यंत्रात एकीच्या बोटाचं टोक तुटलं. शस्त्रक्रियेसाठी ती बाहेर गेली, काही तासांत परत आली, आणि येताना पिशवीत काय आणलं यावरून गदारोळ उठला. मला तो गदारोळ पोरकट वाटतो. काँक्रीट हवा गिळतं हे कळलं, ते आठ जण धापा टाकतही आत राहिले म्हणून.

मॉस्कोतल्या १९९९-२००० च्या प्रयोगात अडचण हवेची नव्हतीच. २४० दिवसांच्या त्या कार्यक्रमात वेगवेगळ्या देशांच्या तुकड्या शेजारशेजारच्या कक्षांत होत्या. नववर्षाच्या रात्री दोन रशियनांत रक्त निघेपर्यंत मारामारी झाली, आणि तुकडीच्या प्रमुखानं कॅनडाच्या महिला शास्त्रज्ञाचा बळजबरीनं मुका घेतला. तिनं तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं की हा संस्कृतींतला फरक आहे. जपानचा सदस्य प्रयोग सोडून निघून गेला. ज्या गोष्टीला सरळ गैरवर्तन म्हणायचं तिला संस्कृतीचं पांघरूण घातलं गेलं. दहा वर्षांनी मॉस्कोतल्या त्याच संस्थेनं आपला सर्वांत लांबचा प्रयोग केला तेव्हा आत सहाच्या सहा पुरुष होते. पुढे २०१५ मध्ये सहा बायकांचा आठ दिवसांचा प्रयोग झाला, तर पत्रकारांनी त्यांना विचारलं की पुरुषांशिवाय आणि मेकअपशिवाय कसं जमणार!

तो लांबचा प्रयोग म्हणजे 'मार्स-५००'. आधी १४ दिवस, मग १०५ दिवस, आणि ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस. पंढरपूरच्या दोन आषाढ्या आणि दोन दिवाळ्या त्या सहा जणांनी बिनखिडकीच्या कक्षांत काढल्या. मध्ये मंगळावर 'उतरायचं' नाटकही झालं, वाळू पसरलेल्या खोलीत, स्पेससूट घालून. बाहेरच्यांशी बोलणं मुद्दाम उशिरानं पोचायचं. महिने सरत गेले तसं त्यांचं हिंडणं-फिरणं कमी होत गेलं, लोळणं वाढलं. एकाच्या शरीराचा दिवस तर २५ तासांचा झाला. बाकीचे जागे असताना तो झोपायचा.

पण मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते मिठाचं संशोधन. एरवी माणूस दिवसाला किती मीठ खातो हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. शेंगाचटणी ताटात किती पडली याचा हिशेब कोण ठेवतं? इथं १०५ आणि ५२० दिवसांच्या दोन्ही प्रयोगांत मीठ मोजून दिलेलं: काही आठवडे रोज १२ ग्रॅम, मग ९, मग ६. ताटात वाढलेलं सगळं संपवायचं आणि लघवीचा थेंबन् थेंब साठवायचा. दिसलं असं की मीठ तेवढंच खाऊनही शरीर ते रोज सारखं बाहेर टाकत नाही. आठवड्याच्या, महिन्याच्या लयीत ते साठवतं आणि सोडतं. म्हणजे एका दिवसाची लघवी तपासून रुग्ण किती मीठ खातो हे ठरवायची डॉक्टरांची पद्धत बेभरवशाची निघाली. २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट छापून आली: खारट खाल्लं की पाणी जास्त प्यायलं जातं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण दीर्घकाळ जास्त मीठ खाणारी ही माणसं उलट पाणी कमी प्यायली आणि त्यांना भूक जास्त लागली. मंगळाशी याचा काडीचा संबंध नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाशी आहे.

एवढं मोजमाप बाहेर कुणी सहन करणार नाही, आणि आत कुणी कंटाळून उठला तर सगळी आकडेवारी अर्धी राहते. त्याला अडवताही येत नाही. माणसांवरच्या संशोधनाचे नियम १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून सांगतात की सहभागी कधीही बाहेर पडू शकतो. हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर २०१५-१६ मध्ये अशाच प्रयोगात सहा जणांनी वर्ष काढलं. तिथंच २०१८ ची तुकडी एकाला विजेचा धक्का बसल्यावर चार दिवसांत गुंडाळावी लागली.

जेवणाचाही प्रश्न आता पुढे आला आहे. 'चापिया'त भर टिकाऊ, पाकीटबंद अन्नावर आहे, जोडीला थोडी भाजी पिकवायची. वाचताना कडक भाकरीची आठवण येणं सोलापूरकराला चुकत नाही: ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजून मग मंद आचेवर पार कोरडी करायची, की ती महिनाभर सहज टिकते. खायची वेळ आली की आमटीत कुस्करायची. फक्त सलग ३७८ दिवस तीच खायला कोण तयार होईल, हे विचारून बघायला हवं.

भारतात हा मामला अजून कोवळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्या त्सो कार खोऱ्यात इस्रोच्या पुढाकारानं 'होप' नावाचा तळ उभा राहिला, दोन जण त्यात दहा दिवस राहिले. मुदतीच्या हिशेबानं मॉस्कोच्या पासंगालाही हे पुरत नाही. पण जगापासून तुटून महिनोन् महिने राहायचा अनुभव आपल्याकडे १९८४ पासून आहे, अंटार्क्टिकावर. तिथले आपले तळ आधी दक्षिण गंगोत्री, मग मैत्री, आणि २०१२ पासून भारती. हिवाळ्यात तिथं ना जहाज येतं ना सहजी विमान, म्हणजे मनात आलं तरी बाहेर पडता येत नाही. त्यासाठी माणसं निवडतं ते गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, आणि त्याच्या जाहिरातीत शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, स्वयंपाकी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, गाड्यांचे मेकॅनिक अशी पदं असतात. आयटीआय झालेल्या पोरानं अर्ज कुठं करायचा, याचं उत्तर निदान आज तरी हे आहे.