दृक्प्रत्ययवादी रस्त्याच्या चित्राची प्रतिकृती (तैलरंग अभ्यास)

नामवंत चित्र समोर ठेवून, त्याची नक्कल करत तैलरंगाचे तंत्र शिकण्याची पद्धत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकारांना १७९३ पासून असे काम करू देतात. मात्र प्रत मूळ आकाराची करता येत नाही.

नवशिक्यांसाठी दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार कामीय पिसारोचे ‘बुलेव्हार मोंमार्त्र, हिवाळ्यातील सकाळ’ (१८९७, मेट्रोपॉलिटन संग्रहालय, न्यूयॉर्क) हे चित्र सोयीचे आहे. पॅरिसमधल्या एका हॉटेलच्या खिडकीतून पिसारोने या रस्त्याची वेगवेगळ्या वेळची आणि हवामानातली चित्रे रंगवली. हे त्यांपैकीच एक. मूळ आकार ६४.८ × ८१.३ सेंमी आहे, म्हणून ४० × ५० सेंमीचा कॅनव्हास जवळजवळ प्रमाणात बसतो. त्यावर ५ सेंमीचे ८ × १० चौकोन आखावेत आणि छापील चित्रावरही तितकेच. रेखाटन पेन्सिलीने न करता पातळ निळ्या रंगाने करावे. रस्त्याच्या कडा आणि इमारतींच्या छपरांच्या रेषा एका लोपबिंदूकडे (समांतर रेषा दूरवर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) जातात की नाही, हे पट्टी लावून आधीच तपासावे. इथे चूक राहिली, तर पुढे कितीही सुंदर रंग लावला तरी रस्ता घसरल्यासारखा दिसतो.

पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक मिश्रण असते त्यापेक्षा गडद भासते आणि हात आपोआप फिके रंग मिसळू लागतो. म्हणून चौकोन आखण्याआधीच टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या राखाडी रंगाचा हात फिरवून तो वाळू द्यावा.

पॅलेटवर टायटॅनियम पांढरा, कॅडमियम पिवळा, यलो ओकर (मातकट पिवळा), कॅडमियम लाल, अलिझरिन (गडद लाल), अल्ट्रामरिन (गडद निळा), कोबाल्ट निळा आणि व्हिरिडियन (हिरवा) एवढे रंग पुरतात. काळा नकोच. अल्ट्रामरिन, अलिझरिन आणि किंचित ओकर पांढऱ्यात मिसळले की हिवाळी राखाडी मिळतो. ओकरचे प्रमाण बदलून तो उबदार किंवा थंड करता येतो. आकाश, दूरच्या इमारती, जवळच्या इमारती, रस्ता आणि गर्दी यांच्या पाच छटा कुंचला उचलण्यापूर्वीच पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या बोथट सुरीने) मिसळून ठेवाव्यात. डोळे किलकिले करून पाहिले की त्यांतला उजेड-अंधाराचा फरक कळतो. रस्त्याच्या दूरच्या टोकाला जवळच्यासारखे गडद रंग येता कामा नयेत; धुक्याचा सगळा परिणाम त्यावरच आहे.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करावा. वरच्या थरांत ट्यूबमधला रंग जसाच्या तसा किंवा जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब घालून वापरावा. उलटे केल्यास तेलकट थर खाली ओला राहतो आणि वरचा तडकतो.

माणसे आणि बग्ग्या हा खरा धडा. चार नंबरचा चपटा, राठ कुंचला रंगाने भरून एकदा टेकवावा आणि उचलावा: झाला माणूस. डोक्यासाठी लहानसा ठिपका, पायाशी आडवी सावली. चाकाचे पूर्ण वर्तुळ काढू नये, तुटक कमान पुरते. नाक-डोळे रंगवायचा मोह झाला की चित्र तिथेच अडकते. खालचा रस्ता ओला आणि जाड असेल, तर गडद फटकारा त्यातला राखाडी उचलतो आणि चिखल होतो. अशा वेळी प्रत्येक फटकाऱ्यानंतर कुंचला पुसावा. तरीही चिखल होत असेल, तर तेवढा भाग नाइफने खरवडून थर वाळल्यावर पुन्हा रंगवावा. ओल्यातच घासत राहणे सर्वांत वाईट.

तेल लागलेली फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवावीत. वार्निश साधारण सहा महिन्यांनी लावावे. कॅनव्हासच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव, ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि स्वतःची सही असावी; पुढच्या बाजूला पिसारोची सही उतरवू नये.