म्यूनिकला विमान सुरू करण्याची वेळ कशी मिळते? पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

दारं बंद, पट्टे बांधलेले, आणि विमान जागचं हलत नाही. कॅप्टन म्हणतो, "आपल्याला वीस मिनिटांनंतरची वेळ मिळाली आहे." ही वेळ कोण देतं आणि कशी मिळवायची, ते म्यूनिक विमानतळावरून समजून घेऊ. प्रत्येक विमानाला अशी वेळ ठरवून देण्याची पद्धत युरोपात पूर्णपणे पहिल्यांदा तिथेच लागू झाली, 2007 साली. मुंबई-दिल्लीतही तत्त्व हेच. खालचे आकडे मात्र म्यूनिकचे.

आधी कारण. जो पहिला "तयार" म्हणेल तो पहिला निघणार, असं असलं की धावपट्टीच्या तोंडाशी इंजिनं चालू ठेवून रांग लागते. ए-320 सारखं विमान जमिनीवर मिनिटाला साधारण 10 ते 12 किलो इंधन पितं. थांबायचंच असेल तर गेटवर, इंजिनं बंद ठेवून थांबावं, इतका साधा हा हिशेब आहे.

कोण पात्र? युरोपबाहेरच्या कंपनीला व्यावसायिक उड्डाणासाठी युरोपीय विमान सुरक्षा संस्थेची परवानगी आधीच हवी. विमानात नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, वैमानिकांचे परवाने, रेडिओचा परवाना आणि प्रवास-नोंदवही लागते. त्याशिवाय विमानतळाचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-निघण्यासाठी राखून दिलेली वेळ, आणि फ्लाइट प्लॅन, म्हणजे मार्ग आणि वेळांची आधी भरून दिलेली माहिती. प्लॅन निघण्याच्या किमान तीन तास आधी भरायचा. त्यातली वेळ स्लॉटशी जुळली नाही तर पुढचं सगळं अडतं. निघायला 15 मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर प्लॅनमध्येही तसं कळवावं लागतं.

खरी कसोटी पुढे आहे. दारं बंद, प्रवासी चढायचा पूल मागे घेतलेला, विमान ढकलायला तयार: या क्षणाची अपेक्षित वेळ म्हणजे 'टोबट'. ती विमान कंपनी किंवा तिची ग्राउंड हँडलिंग कंपनी (जमिनीवरची कामं बघणारी, म्हणजेच हँडलर) भरते. हँडलर नसलेल्या खासगी विमानासाठी वैमानिक स्वतः. सामान चढायला वेळ लागतोय असं टॉवरला सांगून टोबट बदलत नाही, हँडलरलाच सांगावं लागतं. नवख्यांची पहिली चूक इथेच होते.

टोबटच्या 40 मिनिटं आधी संगणक 'टीसॅट' देतो, म्हणजे इंजिन सुरू करायची वेळ. धावपट्टीची क्षमता, तिथपर्यंत जायला लागणारा वेळ आणि वाटेतल्या आकाशातली गर्दी हे सगळं त्यात धरलेलं असतं. टीसॅट आल्यावर टोबट फक्त तीनदा बदलता येतो, म्हणून उगाच "पाच मिनिटं वाढवून ठेवू" म्हणत एकेक संधी घालवू नये.

समजा टोबट 10:00, टीसॅट 10:18. मग 10:18 पर्यंत निवांत राहायचं का? नाही. तयार 10:00 लाच असायचं. टोबट स्वतःहून 10:18 केला, तर टीसॅट त्याच्याही पुढे सरकू शकतो! इंजिन सुरू करायची मुभा मात्र टीसॅटच्या आधी 5 आणि नंतर 5 मिनिटं, म्हणजे 10:13 ते 10:23. मंजुरी मिळाल्यावर 5 मिनिटांत पुशबॅक (विमान गेटवरून मागे ढकलणं) किंवा टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीकडे जाणं) मागायची. ही खिडकी हुकली की नवा टोबट, नवी रांग. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. उन्हाळ्यात म्यूनिकचं घड्याळ त्याच्या दोन तास पुढे, भारताचं साडेपाच. या वजाबाकीत अनुभवी माणूसही कधीतरी फसतो.

वाटेतली गर्दी फार असेल तर ब्रुसेल्समधलं युरोपीय नियंत्रण केंद्र उड्डाणाचीच वेळ ठरवून देतं. तिला सूट आधी 5, नंतर 10 मिनिटं, आणि ती गेटवरून निघायची नव्हे, धावपट्टीवरून हवेत झेपावायची असते. म्हणून वैमानिक उलटा हिशेब करतो: उड्डाणाच्या वेळेतून टॅक्सीची मिनिटं वजा. हिवाळ्यात बर्फ काढायची मिनिटंही त्यात येतात, कारण म्यूनिकला ते काम धावपट्टीच्या टोकाजवळ, इंजिनं चालू असताना होतं. ते लागणार असेल तर आधीच कळवायचं. नाहीतर टीसॅट त्याशिवाय काढला जातो आणि ठरलेली वेळ तिथेच निघून जाते.

टॅक्सी करताना वेग सरळ वाटेवर 30 नॉट्सपर्यंत (ताशी सुमारे 55 किमी), वळणावर 10 च्या आसपास. उशीर झाला म्हणून वेग वाढवून तो भरून काढता येत नाही. वेळ हातात असेल तर काही वैमानिक एकाच इंजिनावर निघतात आणि दुसरं नंतर सुरू करतात, मात्र उड्डाणाआधी ते तापायला काही मिनिटं हाताशी ठेवून.