पाय जागीच अडतात? पार्किन्सनच्या रुग्णांना चालायला मदत करणारी साधने

चोपडा, यावल, अमळनेरहून जळगावला आमच्या दुकानात येणारी घरची माणसे एकच तक्रार सांगतात. नाना पलंगावरून उठतात, खोलीभर नीट चालतात आणि मोरीच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. अंग पुढे जाते, पाय मागे राहतात आणि तोल जातो.

हा हट्ट नाही. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारे रसायन, कमी पडले की एरवी नकळत पडणारी पावले अडू लागतात. अरुंद दार, वळण, घाईगडबड असली की जास्तच. गंमत म्हणजे फरशीवर अडणारा हाच माणूस कित्येकदा जिना सरळ चढून जातो, कारण पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे पायरी डोळ्यांना दाखवते. आमच्याकडची साधने हेच काम करतात: पायाला बाहेरून खूण देतात. त्यांनी आजार बरा होत नाही आणि गोळ्या सुटत नाहीत.

लेझरचे बूट आणि काठी

टेकलेल्या पायाच्या बुटातून दुसऱ्या पायापुढे उजेडाची आडवी रेघ पडते. ती ओलांडायची, की पाऊल पडते. नेदरलँड्समधील ट्वेंटे आणि राडबाउड विद्यापीठांच्या संशोधकांनी असे बूट १९ रुग्णांना घालून पाहिले. औषधाचा अंमल नसताना पाय अडण्याचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. अंमल असताना फरक थोडा कमी होता.

पण आपल्याकडच्या उन्हात ही रेघ दिसत नाही, हे आधीच सांगतो. घरात, ओसरीवर, दिवेलागणीनंतर ती ठळक दिसते. लालपेक्षा हिरवी जास्त. आयुष्यभर चप्पल वापरलेल्या माणसाला बूट घेऊन दिले तर ते कोपऱ्यात पडतात. त्यांच्यासाठी लेझरची काठी बरी. लेझर कोणाच्या डोळ्यांवर मारू नका, नातवंडांच्या हातात तर देऊच नका.

थरथरणारा पट्टा

मनगटाला किंवा पोटरीला बांधायचा. तो ठेक्यात थरथरतो, त्या ठेक्यावर पाऊल टाकायचे. ऊन असो की बाजारातला गोंगाट, हा चालतो. ठेका किती ठेवायचा? गोळीचा गुण आलेला असताना मिनिटभरात किती पावले पडतात ते मोजून आणा, तिथून सुरुवात करू. मेंदूत किंवा छातीत यंत्र बसवलेले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विकत घेण्याआधी

खर्च करण्याआधी घरी एक करून पाहा. नाना जिथे अडतात तिथे वाटेवर आडव्या चिकटपट्ट्या लावा, त्यांच्या एका पावलाइतक्या अंतरावर. शहाबादी फरशीवर पांढऱ्या, पांढऱ्या टाइल्सवर काळ्या. पट्ट्या ओलांडत चालता आले तर लेझरचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. त्यापेक्षा मोबाइलवरच्या टिकटिक ठेक्याने जमत असेल तर पट्टा बघू. एवढ्यावरच भागत असेल तर आमच्याकडून काही घेऊ नका. खुणांचा उपयोग प्रत्येकाला होतोच असे नाही, आणि विसरभोळेपणा वाढलेल्या रुग्णाला त्या ध्यानात ठेवणे जड जाते.

पाय अडले की हात धरून ओढू नका. थांबू द्या, एका पायावर भार घेऊ द्या, मग "एक, दोन" म्हणा.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, रोजची पादत्राणे आणि सोबत राहणारे एक माणूस आणा. घरी पाय अडतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओही हवा, कारण अनोळखी जागी सगळ्यांचे लक्ष असताना नाना हमखास नीट चालून दाखवतात.