काल्पनिक कुस्ती कार्यक्रमांच्या लेखनात तपशील किती : पार्श्वभूमी

काल्पनिक व्यावसायिक कुस्तीचे, म्हणजे दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या, दोरांच्या रिंगणातील आणि निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीच्या धर्तीवरचे कार्यक्रम लिहिताना प्रत्येक लढत डावागणिक मांडावी, की निकाल आणि त्याचे कारण देऊन पुढे सरकावे, हा वाद बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात मराठीतून असे लेखन करणाऱ्या मोजक्या मंडळींमध्ये अलीकडे रंगू लागला असला, तरी तो मुळात इथे जन्मलेला नाही. हे लेखन म्हणजे एक सामूहिक खेळच आहे: प्रत्येक सहभागी आपला एक काल्पनिक मल्ल उतरवतो आणि आयोजक त्या मल्लांच्या लढती लिहून काढतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात हा खेळ टपालाने चाले आणि आयोजक ठरावीक काळाने सर्वांना निकालपत्र धाडत असे. ते छापून पाठवायचे असल्याने आटोपशीर ठेवणे भाग होते. १९८६ मध्ये फासे आणि पत्त्यांवर खेळायची व्यावसायिक कुस्ती बाजारात आली. त्यात फासा पडेल तसा डाव पडत असल्याने खेळ संपेपर्यंत डावांची यादीच तयार होई. पुढच्या दशकात लढत आपोआप चालवणारे संगणक प्रोग्राम आले आणि त्यांनी ही यादी थेट वाक्यांत बसवून दिली. डावागणिक वर्णनाची सवय बऱ्याच अंशी अशा नोंदींतून उतरली आहे, हे तिचे समर्थक सहसा विचारात घेत नाहीत.

खरे भांडण मात्र इंटरनेटवरील चर्चागट आणि ईमेल याद्यांच्या काळातील एका निर्णयाशी निगडित आहे. अनेक गटांनी विजेता ठरवण्याचे काम फाशांकडून काढून परीक्षकांकडे सोपवले. लढतीपूर्वी दोन्ही सहभागींनी आपापल्या मल्लाच्या तोंडचे आव्हान, म्हणजे प्रोमो, लिहायचे आणि ज्याचे लेखन सरस ठरेल त्याचा मल्ल जिंकायचा, अशी ही पद्धत होती. वरवर पाहता यामुळे लढतीचे वर्णन आखूड व्हायला हवे होते, कारण निकाल ठरवणारी झुंज प्रोमोतच उरकलेली असे. झाले उलटेच. ज्याने आठवडाभर खपून प्रोमो लिहिला आणि तरीही हरला, त्याची समजूत घालायला आयोजकाकडे लढतीखेरीज दुसरे काही नव्हते. म्हणून पराभूताच्या वाट्याला भरपूर डाव, दोन-तीनदा हुकलेला विजय आणि सन्मानाने हरण्याची सोय आली. सहभागीही आपल्या मल्लाला किती ओळी मिळाल्या हे मोजू लागले. वर्णनाची लांबी अशा रीतीने मानापमानाचा विषय बनली, आणि हे सगळे लिहिण्याचा भार बहुधा एकट्या आयोजकावर पडला. कार्यक्रम लांबत गेले, तसे ते उशिरा येऊ लागले. उशीर झाला, की सहभागी पांगत. काही गटांनी यावर तोडगा म्हणून आधी केवळ निकालांची यादी आणि सवडीने सविस्तर वृत्तांत अशी व्यवस्था केली, पण निकाल कळल्यावर पुढचा मजकूर वाचणारे थोडेच असतात.

सविस्तर लिहिणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. मल्ल कसा लढतो यातून त्याचा स्वभाव दिसतो, आणि लढत गाळली तर उरते ती भाषणबाजी, असे ते म्हणतात. जिथे निकाल परस्परसंमतीने आधीच ठरवला जातो, अशा गटांत हा मुद्दा अधिक लागू पडतो, कारण तिथे लढत हाच कथेचा एक अंक असतो.

दूरचित्रवाणीनेही लांबी वाढवली. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा सोमवारचा प्रमुख साप्ताहिक कार्यक्रम १९९३ मध्ये एका तासाचा होता, १९९७ मध्ये तो दोन तासांचा आणि २०१२ मध्ये तीन तासांचा झाला, आणि कागदावरचे कार्यक्रम त्याच्या मागोमाग फुगत गेले. मल्लाचे आगमन, त्याचे संगीत, दोन समालोचकांची खडाजंगी हे सारे मजकुरात आले. जाहिरातीची विश्रांतीसुद्धा इमानाने लिहिणारे लेखक आहेत. ती कोणासाठी, हे कोडेच आहे.

सीमाभागातील लेखकाकडे याहून जवळचे दोन नमुने होते. १९५९ मध्ये पहिला हिंदकेसरी ठरलेला मल्ल चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचा. कुस्ती इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मैदानात ध्वनिवर्धकावरून बोलणारा निवेदक हलगीच्या ठेक्यावर पट, ढाक, घिस्सा असे सगळे डाव सांगत राहतो. त्याच मैदानाची दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रातील बातमी मात्र प्रथम क्रमांकाच्या कुस्तीला एक परिच्छेद देते आणि उरलेल्या जोड्या कितव्या मिनिटाला, कोणत्या डावावर चितपट झाल्या एवढेच सांगून संपवते. नव्वदीच्या दशकात व्यावसायिक कुस्तीची ट्रम्प कार्डे (मल्लांची चित्रे आणि आकडे असलेले पत्ते) खेळत वाढलेल्या पिढीने लेखनाला हात घातला, तेव्हा तिने निवेदकाचा कित्ता गिरवला. बातमीदाराचा गिरवला असता तर बरे झाले असते, कारण निवेदकाच्या श्रोत्याला समोर फड दिसत असतो आणि वाचकाला तो दिसत नाही.

अर्थात बातमीची पद्धतही जशीच्या तशी उचलता येत नाही. मातीवर पाठ टेकली की कुस्ती संपते, तर व्यावसायिक कुस्तीत खांदे टेकवून पंचाने तीनपर्यंत मोजावे लागते, आणि दोनवर झालेली सुटका हाच तिथला खरा ताण असतो. त्यामुळे तपशील खर्चायचाच, तर तो या सुटकांवर, सुरुवातीला दुखावून शेवटी दगा देणाऱ्या गुडघ्यावर आणि पंचाचे लक्ष नसतानाच्या लबाडीवर खर्चावा. सुरुवातीची झोंबाझोंबी आणि दोरावर फेकाफेकी दोन वाक्यांत आटोपली तरी कोणी तक्रार करत नाही.

देवनागरी टंकन मोबाइलवर सोपे झाल्यापासून हे लेखन गप्पांच्या ॲपवर आले आहे आणि तिथे लांबलचक मजकूर कोणी शेवटपर्यंत वाचेल याची खात्री नसते. आता मैदानाच्या पत्रिकेप्रमाणे कुस्त्यांना क्रमांक देऊन, एक नंबरची लढत सविस्तर, दोन आणि तीन नंबरच्या मध्यम आणि बाकीच्या ओळीभरात, अशी वाटणी सुचवली जाते. वाटणी रास्त आहे. मात्र आपला मल्ल चौथ्या क्रमांकावर आहे हे ज्याला कळवायचे असते, त्याच्याशी बोलण्याचे काम अजूनही आयोजकाकडेच राहते.